गोदामातल्या गन आणि होस्ट प्रोग्राम: उत्तर वाटेत हरवतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. भिवंडीच्या गोदामात २६ अँड्रॉइड हँडहेल्ड टर्मिनल, म्हणजे बारकोड वाचणाऱ्या हातातल्या 'गन', आहेत. ती वाय-फायवरून ऑफिसातल्या लिनक्स सर्व्हरशी, म्हणजे होस्टशी, टीसीपीने (दोन यंत्रांमध्ये जोडणी उघडून डेटा क्रमाने पोहोचवायची पद्धत) बोलतात आणि होस्टवरचा प्रोग्राम तुम्ही स्वतः लिहिलाय. तक्रारी तीन. एकच पेटी अधूनमधून दोनदा जमा होते. रॅकच्या टोकाला जाऊन आलेल्या माणसाला 'आधीच लॉगिन आहे' म्हणून सिस्टिम आत घेत नाही. आणि दुपारी गाड्या लागल्या की सगळ्या गन एकदम संथ होतात. वाय-फायवाल्याने आणखी चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारी यंत्रं, लावायला सांगितलेत. त्याने प्रश्न सुटेल का, असं तुम्ही विचारताय.

नाही सुटणार. रेंज सुधारली तर तक्रारी कमी होतील, पण दुहेरी नोंद थांबणार नाही. आठवड्याला दहा होत असतील त्या दोनवर येतील, आणि त्या दोन शोधणं जास्त अवघड जाईल, कारण तोवर आकड्यांवर सगळ्यांचा विश्वास बसलेला असेल. मी हे काम सीरियल केबलवाल्या बेस स्टेशनांच्या काळापासून करतोय. रेडिओ कितीही चांगला असला तरी कधीतरी तुटतो, हे धरूनच होस्टचा प्रोग्राम लिहावा लागतो.

एक पेटी डोळ्यांसमोर आणा. डॉकवर गाडी लागलीय. हमाल पेटी उतरवतो, मुलगा लेबलवर गन धरतो, बिप वाजतो. गन होस्टला कळवते: टर्मिनल १४, अमुक चलन (मालासोबतचा कागद), अमुक माल, एक पेटी जमा. होस्टला निरोप मिळतो, तो डेटाबेसात नोंद करतो, कमिट करतो (म्हणजे नोंद पक्की करतो) आणि 'ठीक' असं उत्तर पाठवतो. नेमका तेव्हा मुलगा पुढची पेटी बघायला कंटेनरच्या आत, चारी बाजूंनी पत्र्यात शिरलेला असतो. उत्तर पोहोचत नाही. पडद्यावर 'थांबा' तसंच. पाच-सात सेकंद वाट बघून तो बाहेर येतो आणि त्याच पेटीवर पुन्हा ट्रिगर दाबतो. त्याचं काहीही चुकलेलं नाही, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं. होस्टला मात्र दुसरा निरोप आला, म्हणजे त्याच्या लेखी दुसरी पेटी आली.

गनच्या बाजूने बघा. निरोप गेलाच नाही, किंवा निरोप गेला पण उत्तर हरवलं, या दोन्ही गोष्टी तिला हुबेहूब सारख्या दिसतात. संगणकशास्त्रात याला 'दोन सेनापतींचा प्रश्न' म्हणतात. जिम ग्रे यांनी १९७८ साली त्याला हे नाव दिलं. पावतीची पावती, तिची पावती, असं कितीही वाढवलं तरी शेवटची पावती पोहोचली की नाही हे ती पाठवणाऱ्याला कळत नाही. म्हणून ही शंका मिटवायच्या मागे लागू नका. गनला बिनधास्त पुन्हा पाठवू द्या, आणि पुन्हा आलेला निरोप ओळखायची जबाबदारी होस्टवर टाका. तुमच्या पहिल्या तक्रारीचं उत्तर एवढंच आहे. ते नीट अमलात आणणं मात्र बारकाईचं काम आहे.

हा विचार वायरलेस डेटाइतकाच जुना आहे. जून १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या गटाने अलोहानेट सुरू केलं. हवाई बेटांवरची टर्मिनलं आणि विद्यापीठातला मध्यवर्ती संगणक यांच्यामध्ये तार नव्हती, रेडिओ होता. वेग सेकंदाला ९६०० बिट. सगळी टर्मिनलं एकाच वारंवारितेवर, मनात येईल तेव्हा पाठवायची. दोन पाकिटं हवेत एकमेकांवर आली तर दोन्ही खराब. केंद्राला पाकीट नीट मिळालं तर पावती यायची. नाही आली तर टर्मिनलने थोडा वेळ थांबून तेच पाकीट पुन्हा पाठवायचं, आणि तो 'थोडा वेळ' प्रत्येकाने वेगळा, नशिबावर सोडलेला. हे सांगण्याचं कारण तो नशिबावर सोडलेला वेळ. तुमच्याकडे वीज जाऊन ॲक्सेस पॉइंट परत चालू झाला की २६ गन एकाच सेकंदाला जोडायला धावतात आणि होस्ट गुदमरतो. पुन्हा जोडण्याआधी प्रत्येक गनने एक ते पाच सेकंदांमधला कुठलाही वेळ थांबावं, आणि दर अपयशानंतर ही मुदत वाढवत न्यावी. गनमधल्या कोडच्या चार ओळी, पण गोंधळ खूप वाचतो.

मी सुरुवात केली तेव्हाची टर्मिनलं अरुंद पट्ट्याच्या रेडिओची होती आणि बेस स्टेशन आरएस-२३२ या सीरियल केबलने पीसीला जोडलेलं असायचं. ९६०० बॉडला सेकंदात ९६० अक्षरं. निरोपाची सुरुवात एसटीएक्स या खुणेच्या चिन्हाने, शेवट ईटीएक्सने, मागोमाग चेकसम, म्हणजे मजकूर बिघडला का ते ताडायचा आकडा. बरोबर आला तर ॲक (मिळालं), बिघडला तर नॅक (नीट मिळालं नाही). आणि एक कडक शिस्त होती: टर्मिनलने एक निरोप पाठवायचा, होस्टने त्याला नेमकं एक उत्तर द्यायचं, ते येईपर्यंत टर्मिनल दुसरं काही पाठवणार नाही. टीसीपी आल्यावर लोकांना वाटलं, आता पोहोचवण्याची हमी नेटवर्कच देतंय, मग ही शिस्त कशाला? टीसीपीची हमी एका जोडणीपुरती असते. जोडणी तुटली की हमीही संपली, आणि गोदामात जोडणी दिवसातून पन्नास वेळा तुटते. मी एका निरोपाला एक उत्तर हा नियम आजही पाळतो.

आता अंमलबजावणी. प्रत्येक गनला कायमचा क्रमांक द्या आणि तिच्या कायमस्वरूपी मेमरीत एक वाढता आकडा ठेवा. स्कॅन झाला की आकडा एकने वाढतो, निरोप त्या आकड्यासकट आधी गनच्या मेमरीत लिहिला जातो आणि मगच पाठवला जातो. उत्तर आलं नाही तर तोच निरोप, त्याच आकड्याने, पुन्हा. निरोप उत्तराविना अडकलेला असताना माणसाने ट्रिगर दाबला तर गनने नवा स्कॅन घ्यायचाच नाही. स्कॅनरचा दिवा पेटायलाही नको.

होस्टवर एक टेबल: टर्मिनल क्रमांक, निरोपाचा आकडा, निरोपाचा मजकूर, दिलेलं उत्तर. पहिल्या दोन स्तंभांची जोडी युनिक, म्हणजे तीच जोडी दुसऱ्यांदा घालता येणार नाही. निरोप आला की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (डेटाबेसातला गठ्ठा, जो सगळा होतो किंवा काहीच होत नाही) या टेबलात ओळ घाला, स्टॉकची नोंद करा, उत्तर लिहा, कमिट करा, आणि त्यानंतरच उत्तर गनकडे पाठवा. युनिकच्या नियमाने ओळ घालायला नकार मिळाला तर हा निरोप आधी येऊन गेलाय. मग स्टॉकला हात न लावता टेबलात साठवलेलं जुनं उत्तर जसंच्या तसं परत पाठवा. मुलाला पडद्यावर 'जमा झालं' दिसतं, तो पुढच्या पेटीकडे वळतो, आणि मध्ये काही हरवलं होतं हे त्याला कळतही नाही.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला: बरेच जण आधी शोधतात की हा आकडा टेबलात आहे का, आणि नसेल तर घालतात. गन नव्या जोडणीवरून तोच निरोप पुन्हा पाठवते तेव्हा जुन्या जोडणीचा थ्रेड (प्रोग्रामचा स्वतंत्रपणे चालणारा भाग) पहिला निरोप अजून हाताळत असू शकतो. दोघेही शोधतात, दोघांनाही सापडत नाही, दोघेही घालतात. शोधू नका, थेट घाला, आणि निर्णय डेटाबेसच्या युनिक नियमावर सोडा.

दुसरा खड्डा मी स्वतः अनुभवलाय आणि तो पहिल्यापेक्षा वाईट आहे. एका गोदामात दुरुस्तीला गेलेली गन मेमरी पुसून परत आली. तिचा आकडा पुन्हा १ पासून सुरू झाला. होस्टकडे त्या टर्मिनलचे १, २, ३ हे सगळे आकडे जुने होते, म्हणून तो प्रत्येक नव्या पेटीला कित्येक महिन्यांपूर्वीचं 'ठीक' परत पाठवत राहिला. गन आनंदाने हिरवा पडदा दाखवत होती आणि स्टॉकमध्ये काहीच जमा होत नव्हतं. अर्धी पाळी संपल्यावर सुपरवायझरने चलनाशी मेळ घातला तेव्हा कळलं. उतरवलेला सगळा माल रात्री दहानंतर पुन्हा मोजावा लागला. मुलं घरी जायच्या वेळी परत डॉकवर उभी राहिली, ते मला अजून आठवतं. दुहेरी नोंद दिसते तरी. गिळलेली नोंद दिसतही नाही. तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. गन जोडली की होस्ट तिला एक पिढी क्रमांक देतो. गनकडे जुना पिढी क्रमांक नसेल तर नवी पिढी सुरू होते, आणि युनिकचा नियम टर्मिनल, पिढी आणि आकडा या तिघांवर लागतो. दुसरं, पुन्हा आलेल्या निरोपाचा मजकूर साठवलेल्या मजकुराशी ताडून बघतो. आकडा तोच पण मजकूर वेगळा असेल तर ती पुनरावृत्ती नाही, बिघाड आहे. मग गनवर लाल पडदा, लांब आवाज आणि काम बंद.

कोणी म्हणेल की पेटीच्या बारकोडवरूनच दुहेरी ओळखा ना. पेटीवर एसएससीसी, म्हणजे त्या एकाच पेटीचा १८ अंकी क्रमांक असेल तर तोही पहारा जरूर लावा, तो पाहिजेच. पण तुमच्या बऱ्याच मालावर फक्त ईएएन-१३, म्हणजे मालाच्या जातीचा १३ अंकी बारकोड, असणार. भारतातल्या नोंदणीचा असेल तर ८९० ने सुरू होणारा, आणि एका जातीच्या चाळीस पेट्यांवर अगदी तोच. तिथे 'हा बारकोड आत्ताच आला होता' याला काही अर्थ नाही. काही ठिकाणी 'दहा सेकंदांत तोच बारकोड आला तर टाकून द्या' असा नियम लावलेला मी पाहिलाय. चपळ मुलगा दहा सेकंदांत तीन पेट्या स्कॅन करतो. त्यातल्या दोन गेल्या.

टेलनेट (दूरचा संगणक पडदा आणि कीबोर्डवरून चालवायची जुनी पद्धत) वापरायचं की स्वतःचे निरोप, हेही तुम्ही विचारलंय. टेलनेटचं प्रमाण १९८३ चं, आरएफसी ८५४ हा दस्तऐवज. व्हीटी-१०० हे त्याच्याही आधीचं, १९७८ चं टर्मिनल, आणि त्याची नक्कल करणारे प्रोग्राम गोदामांत आजही सर्रास चालतात. त्यात गन म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड, सगळी अक्कल होस्टवर, त्यामुळे प्रोग्राम बदलला तर २६ गनना हात लावावा लागत नाही. हा फायदा खरा आहे. पण टेलनेटमध्ये स्कॅन म्हणजे टाइप केलेली अक्षरं आणि एंटर. त्याला आकडा चिकटवायला जागा नाही, सगळं उघड्यावर जातं, आणि देवनागरी तर विसराच. जुनी सिस्टिम गळ्यात असेल तर टेलनेट ठेवून मध्ये सत्र जिवंत धरणारा सर्व्हर बसवा. होस्ट तुम्हीच लिहिताय, तेव्हा स्वतःचे निरोप ठेवा. एमक्यूटीटी, म्हणजे ब्रोकर नावाच्या मधल्या सर्व्हरमार्फत निरोप पोहोचवायची पद्धत, याबद्दलही विचारणा होते. चांगली गोष्ट आहे, पण तिथल्या क्यूओएस १ (पोहोचवण्याच्या हमीची एक पातळी) चा अर्थ 'किमान एकदा' असा आहे, म्हणजे दोनदाही. क्यूओएस २ 'नेमकं एकदा' म्हणतं, पण ते गन आणि ब्रोकर यांच्यातलं. ब्रोकरपासून तुमच्या कमिटपर्यंतची वाट तुम्हालाच सांभाळायची आहे, त्यामुळे आकड्यांचं टेबल तिथेही लागतंच.

तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये सॉकेटवरून (प्रोग्राममधलं जोडणीचं टोक) एकदा वाचलं की तो एक निरोप धरलाय. हे ऑफिसातल्या टेबलावर कायम चालतं आणि गोदामात कधीतरी फसतं. टीसीपी हा अक्षरांचा प्रवाह आहे, त्यात निरोपांच्या सीमा नसतात. एका वाचनात अर्धा निरोप येईल, किंवा दीड येईल. प्रत्येक निरोपापुढे त्याची लांबी ठेवा, तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहा, उरलेले पुढच्यासाठी राखा. लांबी बाइटमध्ये मोजा, अक्षरांत मोजू नका. मराठीत याचा फटका लगेच बसतो. यूटीएफ-८ या, अक्षरं बाइटमध्ये मांडायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. 'पेटी' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरांचा, प्रोग्रामला चार चिन्हांचा आणि तारेवर १२ बाइटचा. 'क्ष' म्हणजे क, हलन्त आणि ष, मिळून ९ बाइट. अर्धवट आलेला तुकडा लगेच मजकुरात बदलायला गेलात तर चिन्ह मधोमध तुटतं आणि पडद्यावर चौकोन उमटतात. आधी पूर्ण निरोप जमवा, मग उलगडा. आणि लांबीला कमाल मर्यादा घाला, ४ केबी पुष्कळ झाली. नाहीतर बिघडलेल्या लांबीपायी होस्ट कधीच न येणाऱ्या बाइटची वाट बघत बसेल.

निरोपातले भाग वेगळे करायला तुम्ही उभी रेघ वापरलीय. कोड १२८ प्रकारच्या बारकोडमध्ये कीबोर्डवरचं कुठलंही इंग्रजी चिन्ह येऊ शकतं, उभी रेघसुद्धा. प्रत्येक भागालाही लांबीच द्या. औषधांच्या पेट्या येत असतील तर जीएस१-१२८ (बॅच, मुदत असे भाग निशाणीसकट एकाच बारकोडात ठेवणारा प्रकार) बघा: त्यात १० या निशाणीनंतर बॅच येते, तिची लांबी २० पर्यंत कितीही, आणि ती कुठे संपते हे ॲस्की या चिन्हांच्या ठरावीक यादीतलं २९ क्रमांकाचं अदृश्य चिन्ह सांगतं. बऱ्याच गनच्या सेटिंगमध्ये ते चिन्ह गाळलं जातं, आणि मग बॅचच्या शेपटीला १७ या निशाणीची मुदततारीख चिकटते. सेटिंग तपासा. बारकोड डेटाबेसात मजकूर म्हणून ठेवा, संख्या म्हणून ठेवलात तर सुरुवातीची शून्यं उडतील.

आता 'आधीच लॉगिन आहे'. मुलाने बॅटरी बदलली किंवा गन रेंजबाहेर गेली, तर जोडणी बंद झाल्याचा निरोप होस्टला येत नाही. होस्टच्या लेखी ती गन जिवंतच असते. तुम्ही कीपअलाइव्ह (गप्प जोडणी जिवंत आहे का ते चाचपणारा पर्याय) चालू केलाय म्हणता, पण लिनक्सवर तो मुळात ७२०० सेकंद काहीच करत नाही, मग ७५ सेकंदांच्या अंतराने ९ वेळा चाचपतो. म्हणजे मेलेली जोडणी मेली हे कळायला २ तास ११ मिनिटं. हे आकडे कमी करता येतात, करा. पण खरा इलाज नियम बदलण्यात आहे: त्याच टर्मिनल क्रमांकाची नवी जोडणी आली की ती जिंकते, जुनी होस्टने तिथल्या तिथे बंद करायची. नवी जोडणी खरोखर त्याच गनची आहे हे ओळखायला प्रत्येक गनला तिची गुप्त किल्ली द्या आणि सगळं टीएलएसमधून, म्हणजे सांकेतिक करून, न्या. शिवाय गनने दर ३० सेकंदांनी छोटा 'आहे' निरोप पाठवावा. तीन चुकले की होस्टने जोडणी सोडावी.

जोडणी सुटली म्हणून काम सोडू नका. पिकिंगच्या, म्हणजे रॅकवरून माल काढायच्या, यादीतल्या २३ ओळींपैकी माणसाच्या ११ झाल्या होत्या, ही माहिती सॉकेटला चिकटलेल्या व्हेरिएबलमध्ये असेल तर ती त्याच्यासोबत मरते. ती डेटाबेसात, टर्मिनल आणि माणूस यांच्या नावावर ठेवा. तो परत आला की पडद्यावर १२ वी ओळ यायला हवी, मुख्य मेनू नाही. दिवसातून आठ वेळा मेनूपासून सुरुवात करावी लागली तर माणूस कागदावर लिहायला लागतो आणि संध्याकाळी एकदम भरतो. मग ही सगळी सिस्टिम कशाला घातली?

दुपारच्या संथपणाचं कारण मी इथे बसून सांगू शकत नाही, पण आधी कुठे बघायचं ते सांगतो. २६ गन, प्रत्येकी चार सेकंदांना एक स्कॅन, म्हणजे सेकंदाला सहा-सात निरोप. साध्या सर्व्हरला हे काहीच नाही. दर जोडणीला एक थ्रेड असं साधं लिहिलं तरी भागतं. तेव्हा कोणीतरी कोणाची तरी वाट बघतंय. माझा पहिला संशय कुलुपांवर: माणसाने जागा स्कॅन केली, तुमच्या प्रोग्रामने ट्रान्झॅक्शन उघडून ती ओळ अडवली, आणि आता तो नग मोजतोय किंवा चहाला गेलाय. त्या जागेला हात लावणारे बाकीचे सगळे रांगेत. माणसाच्या उत्तराची वाट बघताना ट्रान्झॅक्शन कधीही उघडं ठेवू नका. जागा राखायची असेल तर तशी वेगळी नोंद करून लगेच कमिट करा. दुसरा संशय लेबल प्रिंटरवर. छपाई निरोप हाताळतानाच होत असेल आणि प्रिंटरचा कागद संपला, तर गन अडकणारच. छपाईचं काम रांगेत टाका आणि गनला उत्तर देऊन मोकळे व्हा.

तिसरं कारण लहान आहे पण दर बिपमागे टोचतं. तुम्ही उत्तराची लांबी एकदा आणि मजकूर दुसऱ्यांदा, असं दोनदा पाठवताय. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये सुचवलेल्या पद्धतीप्रमाणे टीसीपी दुसरा छोटा तुकडा पहिल्याची पोच येईपर्यंत रोखून धरतं, आणि समोरची बाजू पोच द्यायला मुद्दाम उशीर करते, काही सिस्टिमवर २०० मिलिसेकंदांपर्यंत. पूर्ण उत्तर एकाच वेळी लिहा आणि हे रोखणं बंद करणारं नो-डिले सेटिंग चालू करा. वेळ मोजायला माझी एक सवय सांगतो: गन प्रत्येक निरोपासोबत 'मागच्या उत्तराला किती मिलिसेकंद लागले' हेही कळवते. होस्टच्या लॉगमध्ये निरोप आला, कमिट झालं, उत्तर गेलं, या तीन वेळा असतातच. चारही आकडे शेजारी ठेवले की दोष रेडिओचा, डेटाबेसचा की आपल्या कोडचा, यावर वाद राहत नाही. अर्ध्या सेकंदात उत्तर यावं असं मी धरतो. एक सेकंद ओलांडला की माणसं पुन्हा ट्रिगर दाबायला लागतात.

बिपबद्दल आग्रहाने सांगतो. कारखान्यातून आलेली गन बारकोड वाचला की बिप करते. माणूस त्याला 'नोंद झाली' समजतो आणि ते स्वाभाविक आहे, माल उतरवताना पडद्याकडे बघायला कोणाला वेळ नसतो. तो बिप बंद करा. होस्टचं उत्तर आल्यावरच आवाज करा: ठीक असेल तर एक छोटा उंच, नकार असेल तर लांब खर्जातला आणि सोबत थरथर. पडद्यावर तीन-चार शब्दच, मोठ्या अक्षरात: 'जमा झालं', 'परत दाखवा', 'सुपरवायझरला बोलवा'. भाषा लॉगिनप्रमाणे मराठी किंवा हिंदी. तुमच्या डॉकवर दोन्ही वाचणारे आहेत. 'एरर ४०७' बघून कोणाचंही काम पुढे सरकत नाही.

ॲक्सेस पॉइंटबद्दल थोडंच. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरा: १, ६ आणि ११. मोकळ्या हॉलमध्ये आणखी चार लावलेत आणि ते त्याच चॅनेलवर बसले, तर ते एकमेकांनाच थांबवतील. गन ५ गिगाहर्ट्झवर चालत असतील तर तिकडे न्या. पाणी आणि लोखंड रेडिओ खातात. रिकाम्या गोदामात केलेली पाहणी तेलाचे डबे आणि पाण्याच्या बाटल्या छतापर्यंत रचल्यावर खोटी ठरते, म्हणून पाहणी माल भरलेला असतानाच करा. आणि एका ॲक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर जाताना गनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलणार नाही, एवढं वाय-फायवाल्याकडून वदवून घ्या.

चाचणीसाठी गन आणि होस्ट यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्राम बसवा. त्याने दर दहा उत्तरांपैकी तीन मुद्दाम गिळायची, अधूनमधून जोडणी तोडायची, कधी उत्तर वीस सेकंद उशिरा द्यायचं. त्यातून १०,००० पेट्यांचे निरोप सोडा. स्टॉक नेमका १०,००० भरला पाहिजे. ९,९९९ किंवा १०,००१ झाले तरी पुढे जाऊ नका. चूक सापडेपर्यंत शोधण्याची हीच सोयीची जागा आहे. मग गोदामात एक गन घ्या, स्कॅन करून लगेच लोखंडी कपाटात ठेवून दार लावा, एक मिनिटाने काढा. दुसऱ्या वेळी ट्रिगर दाबल्याबरोबर बॅटरी काढा. तिसऱ्या वेळी होस्टचा प्रोग्रामच मध्येच मारून परत चालू करा. तिन्ही वेळा गनने स्वतःहून पुन्हा पाठवून 'जमा झालं' दाखवायला हवं.

हे बसवण्याआधी जुना हिशेब साफ करा, नाहीतर नव्या प्रोग्रामवर जुन्या चुकांचं खापर फुटेल. गेल्या तीन महिन्यांच्या जमा नोंदींमधून एकच टर्मिनल, एकच बारकोड, एकच चलन आणि ३० सेकंदांच्या आतलं अंतर अशा जोड्या काढा. त्यातल्या बऱ्याच खऱ्या असतील, म्हणून काहीही आपोआप पुसू नका. प्रत्येक जोडीसमोर मालाची सध्याची जागा छापा आणि ती यादी सुपरवायझरच्या हातात द्या. रविवारी डॉक बंद असताना दोन माणसं घेऊन त्या जागा मोजा, आणि सोमवारी पहिली गाडी लागण्याआधी फरक दुरुस्त करून घ्या. नवा प्रोग्राम आधी एकाच डॉकच्या चार गनवर आठवडाभर चालवा, बाकीच्या २२ जुन्यावरच राहू द्या.